साखरेपासून कार्बन डॉट्स: चमक मिळाली, आता गाळणी

कार्बन डॉट्स म्हणजे अतिनील (यूव्ही) प्रकाशात चमकणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण; ते घरी बनवायचा माझा प्रयत्न चालू आहे. या खेपेला साखरेऐवजी ग्लुकोज घेतलं, जोडीला थोडा युरिया. दोन्ही डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून, फक्त प्रयोगांसाठी ठेवलेल्या जुन्या मायक्रोवेव्हमध्ये थांबत थांबत तापवलं. बीकर उघडा, खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू; युरिया तापला की अमोनिया सुटतो. द्रावण आधी पिवळसर झालं, मग काकवीसारखं दाट तपकिरी. तिथेच थांबलो.

हे दाट द्रावण यूव्ही टॉर्चखाली जवळजवळ मंदच दिसतं. ते अतिनील प्रकाश वरच्या थरातच शोषून घेतं, शिवाय स्वतःचा उजेडही गिळतं. थेंब-थेंब घेऊन पातळ करत गेलो, तशी निळसर चमक वाढत गेली. फिकट चहाच्या रंगाला ती सगळ्यात छान दिसली. टॉर्च 365 नॅनोमीटरचाच घ्या. 395 वाल्याचा जांभळा उजेड डोळ्यांना फसवतो. टॉर्चकडे थेट बघू नका, यूव्ही चष्मा लावा. बाटल्यांखाली काळा कार्डपेपर हवा, कारण पांढरा ए-फोर कागद स्वतःच निळा चमकतो. शेजारी न तापवलेलं ग्लुकोज-युरियाचं द्रावण ठेवलं होतं. ते काळोखंच राहिलं.

पण चमक आली म्हणजे कण झाले, असं मी मानत नाही. साखर आणि युरिया तापताना चमकणारे लहान रेणूही तयार होतात. म्हणून द्रावण डायलिसिसच्या नळीत (लहान रेणू बाहेर जाऊ देणारी, मोठे कण आत अडवणारी पातळ पडद्याची नळी) भरून पाण्यात सोडलं. बाहेरचं पहिलं पाणी चांगलंच उजळलं! पाणी बदलत गेलो तसं ते विझत गेलं. नळीतली चमक उतरली, पण टिकली. म्हणजे सुरुवातीचा बराचसा उजेड लहान रेणूंचा होता. आत उरलंय त्यात पॉलिमरही (लांब साखळीचे मोठे रेणू) असू शकतात. खात्री इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच देईल.

कार्बन डॉट्सचा शोधही असाच शुद्धीकरणात लागला. 2004 साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात नॅनोट्यूबच्या (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या) काजळीतून त्या नळ्या वेगळ्या करताना इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे विजेच्या जोरावर कण वेगळे करताना, चमकणारे पट्टे सुटे झाले. ते वेगळे केले म्हणूनच ओळखू आले. त्यामुळे आपल्या छंदातही गाळणीची पायरी वगळू नये, असं मला मनापासून वाटतं.

पुढचा नंबर गुळाचा. आयआयटी गुवाहाटीच्या संशोधकांनी 2012 मध्ये पाव, बिस्किटं आणि गुळातही असे कार्बन कण दाखवले होते. कोल्हापुरी गूळ आणलाय. न तापवता विरघळवून, गाळून थेट नळीत भरणार आहे.