थंडीत चढलेली तिसरी तार

डिसेंबरात लॉनवरच्या रात्रीच्या कार्यक्रमाचा साउंड चेक दुपारी चारला ठेवणं मला आता अजिबात पटत नाही. नागपुरात वर्धा रोडवरच्या एका लॉनवर मी हवाईयन गिटार वाजवणार होतो, तिथे दुपारी अंगावर ऊन होतं, पारा २७ च्या आसपास. साडेआठला कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तो १२ वर आला होता. याच शहरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांची नोंद झाली आहे, तरी आयोजकांच्या यादीत थंडी कधीच नसते. हीटर असतात ते पहिल्या रांगेतल्या सोफ्यांसाठी.

ग्रीनरूममध्ये मात्र एक हीटर होता. हवाईयन गिटार तिथेच जुळवून ठेवली आणि सुरू व्हायला दहा मिनिटं असताना स्टेजवर आणली. घोळ तिथेच झाला.

माझी जुळवणी ए मेजरची: जाड तारेकडून ई–ए–ई–ए–सी शार्प–ई, तारा मोजायच्या मात्र बारीक बाजूने, म्हणजे पहिली सगळ्यात बारीक. पहिलं गाणं सुरळीत गेलं, कारण एका तारेवर वाजवताना बार (तारांवर सरकवायची धातूची कांडी) कान सांगेल तिथे थांबतो, तार थोडी चढलेली असली तरी निभतं. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात सातव्या घरावर बार आडवा ठेवून पहिल्या तीन तारांचा कॉर्ड धरला आणि तो फाटला. पहिली सुरात आणली की तिसरी वर, तिसरी सुरात आणली की पहिली खाली. सगळ्या तारा सारख्या चढल्या असत्या तर बार केसभर मागे घेऊन भागलं असतं. पण त्या सारख्या चढत नाहीत.

थंडीत पोलाद आकसतं, लाकूड तारेच्या दिशेने त्याहून बरंच कमी आकसतं. म्हणून तारेवरचा ताण वाढतो आणि सूर चढतो. जी तार आधीच खूप ताणलेली आहे तिला हा जादा ताण कमी जाणवतो. पहिली ई कडक ओढलेली असते, साधी तिसरी ए त्या मानाने सैल, म्हणून तिसरी जवळपास दुप्पट हलते. १५ अंश उतरले की तिसरी २५–३० सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर), पहिली १०–१५.

गाणं संपताच तिसरी उतरवली, ट्यूनरवर नेमकी. दहाच्या सुमारास तीच तार खाली वाजू लागली! तार काही मिनिटांत गार होते, लाकडाला पाऊण-एक तास लागतो. लाकूड मागून आकसलं आणि आधी वाढलेला ताण थोडा परत गेला. मी घाईने लावलेला सूर तार गार आणि लाकूड कोमट असतानाचा होता. पूर्वी हॅलोजनचे दिवे तारांना ऊब द्यायचे, त्याने सूर उतरायचा. एलईडी आल्यापासून तेही गणित बदललं.

बासरीचं उलट. हवा गार झाली की तिच्यातल्या ध्वनीचा वेग घटतो, एका अंशाला साधारण ३ सेंट सूर उतरतो. आमचे बासरीवाले दादा दोन गाण्यांच्या मध्ये बासऱ्या शालीत गुंडाळून ठेवत होते आणि वाजवायच्या आधी आत फुंकर घालून त्या गरम करत होते. असा सावध माणूस सोबत असला की निम्मी काळजी मिटते. ते मला म्हणाले, "भाऊ, तू वर चालला, मी खाली. हार्मोनियमले धर, तिचा सूर हलत नाई." तेच केलं.

आता गिटार तासभर आधी स्टेजवर उघडी ठेवतो, वर फक्त सुती कापड, दव बसू नये म्हणून. गार तार नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळच्या पट्टीच्या, खाचेत अडकते आणि मग टुक्‌कन उडी मारते, म्हणून खाचेत पेन्सिलीचं शिसं घासतो. खुंटी फिरवताना आधी सुराच्या खाली जाऊन मग वर येतो. नुसतं उतरवून सोडलं तर खुंटीच्या चाकाच्या दात्यांतली ढिलाई तशीच राहते. बार दोनशे ग्रॅमच्या आसपासचा, तो शर्टाच्या खिशात. बर्फासारखा गार बार धरला की बोटं आखडतात आणि कंप तुटक येतो. थंडीत बोटं बारीक होतात, तारा छेडायला बोटांत घातलेली धातूची पिकं (नख्या) फिरतात, त्यांच्या आत कापडी चिकटपट्टीचा एक थर.

एक गोष्ट अजून ठरत नाही. तिसरी तार साधी न लावता वरून बारीक तार गुंडाळलेली लावली तर आतल्या बारीक गाभ्यावर ताण जास्त पडतो, त्यामुळे ती थंडीत कमी हलते. पण बार सरकताना तिची खरखर मींडेत ऐकू येते, आणि गाण्यातली मींड तर नेमकी त्याच तारेवर असते. जानेवारीतल्या कार्यक्रमासाठी दोन्ही आणून ठेवल्या आहेत.