बिब्याचा डाग

कापूस वेचणीच्या दिवसांत उपकेंद्रात तपासणीला माणूस मिळत नाही. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या उपकेंद्रात त्या मंगळवारी आशाताईनं कसेबसे अकरा जण गोळा केले होते. तिशीपुढच्यांचं बीपी, शुगर, तोंड. बायांचं स्तन आणि गर्भाशयमुख. कातडीवरच्या काळ्या डागांचा रकाना फॉर्मवर नाहीच. शुगरवाल्यांचे पाय मात्र मी बघते.

बाबाजी ७२ वर्षांचे. टाचेवरची काळी माती ओल्या फडक्यानं पुसली, तरी काळं तसंच. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा डाग, एका बाजूनं कोळशासारखा, दुसरीकडे तपकिरी, कडा वेड्यावाकड्या, मधे उकललेलं आणि चिकट.

"हे काय बाबाजी?"

"काई नाई बाई. पऱ्हाटीचं खुट रुतलं होतं. बुडीनं बिबा लावून देल्ला."

"कधी?"

"दोन वरसं झाले असन."

इथं मी अडले. आमच्याकडे काटा रुतला की बिबा तापवून टेकवतात, कातडी काळी पडते, फोडही येतात. पण ती कातडी झडते आणि डाग हळूहळू फिका पडत जातो. दोन वर्षं टिकून वर वाढणारा डाग बिब्याचा कसा असेल? जांघेत हात लावला, तर बोराएवढी टणक गाठ. "ते अवधान हाय," बाबाजी म्हणाले. पायाच्या जखमेमुळे जांघेत गाठ येते, तिला अवधान म्हणतात. अवधान दुखतं. ही दाबली तरी दुखत नव्हती.

मग रजिस्टर मागे उलटलं. पोळ्याच्या आधीची नोंद, हेच बाबाजी, हीच टाच, माझंच अक्षर: 'कुरूप'. कॉर्नच्या पट्ट्यांचं पाकीट देऊन पाठवलं होतं. त्या दिवशी गर्दी होती. माती पुसली नव्हती.

सेवाग्रामच्या हॉस्पिटलात तुकडा तपासला. मेलानोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर; जाडी ४ मिलिमीटरच्या वर, जांघेतही पसरलेला. १ मिलिमीटरच्या आत सापडला असता तर नुसता कापून बहुधा भागलं असतं. मी शिकले तेव्हा मेलानोमा म्हणजे गोऱ्यांचा, उन्हाचा आजार, एवढंच डोक्यात बसलं होतं. ते खोटंही नाही. ऑस्ट्रेलियात तरुणांमध्ये तो कमी होतोय आणि म्हाताऱ्यांमध्ये वाढतोय, कारण त्यांनी तरुणपणी अंगावर घेतलेलं ऊन आता बाहेर पडतंय. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो मुळात कमी. पण झाला तर बरेचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली, जिथं ऊन फारसं पोचत नाही. बॉब मार्लेला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता; १९८१ साली तो ३६ व्या वर्षी गेला. हे मला तिथल्या निवासी डॉक्टरनं सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

टाचेचा भाग आणि जांघेतल्या गाठी काढल्या. खर्च महात्मा फुले योजनेतून झाला. पुढचे उपचार सुरू आहेत; किती दिवस, ते मी बाबाजींना विचारू दिलेलं नाही.

मागच्या आठवड्यात ते काठी टेकत शुगरच्या गोळ्या न्यायला आले. बंडीच्या खिशातून पट्ट्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. फोडलेलंसुद्धा नव्हतं.

"लावलंच नाई बाई मी हे. दुसऱ्या कोनाले होईन."