१९९२ ची लेक्सस एससी ४०० घरी सांभाळताना

कॅलिफोर्नियातल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये १९९२ सालची लेक्सस एससी ४०० आहे आणि तिची जवळजवळ सर्व दुरुस्ती मी स्वतः करतो. लेक्सस भारतात अधिकृतपणे आली ती २०१७ मध्ये, त्यामुळे महाराष्ट्रातील बहुतेक वाचकांनी ही दोन दारांची गाडी प्रत्यक्ष पाहिलेली नसेल. अमेरिकेत मात्र ती १९९१ ते २००० या काळात विकली जात होती. इथल्या मराठी मित्रांपैकी ज्यांना जुन्या गाड्यांची ओढ आहे, ते अधूनमधून विचारतात की अशी गाडी घ्यावी का, आणि घेतली तर घरच्या घरी सांभाळता येईल का. येईल, असे माझे ठाम मत आहे. फक्त या गाडीत काय झिजते आणि काय झिजत नाही, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

टोयोटाने लेक्सस हे नाव १९८९ मध्ये एलएस ४०० या सेडानसह बाजारात आणले. त्याच गाडीचे चार लिटरचे व्ही ८ इंजिन, म्हणजे १यूझेड-एफई, दोन वर्षांनी या कूपेमध्ये बसवले गेले. जपानमध्ये हीच गाडी टोयोटा सोअरर म्हणून विकली जाई. १९८१ मध्ये सुरू झालेल्या सोअरर मालिकेची ही तिसरी पिढी. तिचे बाह्यरूप मात्र जपानमध्ये घडलेले नाही. ते कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीच येथील कॅल्टी या टोयोटाच्या डिझाइन स्टुडिओत तयार झाले, आणि तिथल्या कलाकारांनी कागदावर रेषा ओढण्याआधी प्लास्टर भरलेल्या फुग्यांना हातांनी आकार देऊन पाहिले, असे सांगितले जाते. बॉनेटपासून डिकीपर्यंत हात फिरवला की त्यावर विश्वास बसतो, कारण तिच्या अंगावर सपाट म्हणावा असा भाग जवळपास नाहीच.

इंजिन ३९६९ सीसीचे, बत्तीस व्हॉल्व्हचे आणि २५० अश्वशक्तीचे आहे. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत, आणि वेळेवर तेल बदलत राहिले तर या इंजिनाचे अंतर्भाग लाखो किलोमीटर चालतात. गिअरबॉक्सही तितकाच टिकाऊ आहे. या गाडीत थकतात त्या मऊ वस्तू: रबराची सीले, नळ्या, बुश (सांध्यांत बसणाऱ्या बाह्या), प्लास्टिकचे दुवे, आणि इलेक्ट्रॉनिक पाट्यांवरील कपॅसिटरमधला (वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांमधला) द्रव. या वस्तूंचे आयुष्य मैलांइतकेच वर्षांनी आणि उष्णतेने मोजले जाते, म्हणून ‘फार चाललेली नाही’ एवढ्यावर भुलून जुनी एससी घेणे मला योग्य वाटत नाही. कमी मैल पण कारखान्यातल्याच नळ्या असलेल्या गाडीपेक्षा, दुप्पट मैल झालेली पण दुरुस्तीच्या पावत्यांची फाइल सोबत असलेली गाडी मी डोळे झाकून पसंत करीन. घरी केलेली दुरुस्ती म्हणजे मुख्यतः हेच की मऊ वस्तू कठीण वस्तूंचा घात करण्याआधी बदलायच्या.

सुरुवात पुढच्या चाकांच्या खालच्या बॉल जॉइंटपासून, म्हणजे चाकाला सस्पेन्शनच्या आर्मशी जोडणाऱ्या गोलाकार सांध्यापासून करावी, कारण तो जिवाचा प्रश्न आहे. या गाडीला चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आर्मनी धरलेले आहे. बॉल जॉइंटवरचे रबरी आवरण फाटले की आतले ग्रीस जाते, माती शिरते आणि सांधा सैल होतो. तो पूर्ण निसटला तर चाक आडवे होते आणि गाडीवरचा ताबा सुटतो. तपासणी सोपी आहे: जॅक खालच्या आर्मखाली लावून चाक जमिनीपासून थोडे उचलावे, टायरखाली पहार घालून वर दाबावे आणि सांध्यात किंचितही हालचाल दिसली तर जोडी बदलावी. आर्मचे रबरी बुश बदलताना एक पथ्य पाळावे लागते. त्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचा भार चाकांवर आल्यावरच, कारण चाक हवेत लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच बुशचे रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते.

यानंतर येतो इंजिनाचा संगणक. ग्लव्हबॉक्सच्या मागे असलेल्या या पेटीतील पाटीवर छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आहेत आणि त्या काळच्या टोयोटाच्या अनेक गाड्यांप्रमाणे यांतील द्रवही पाझरतो. हा द्रव पाटीवरचे तांब्याचे बारीक मार्ग हळूहळू खातो. बाहेरून दिसणारी लक्षणे फसवी असतात: गाडी उभी असताना इंजिन अडखळते, गिअर धक्क्याने पडतो, कधी सकाळी सर्व ठीक आणि दुपारी बिघाड. अशा वेळी लोक स्पार्क प्लग, सेन्सर, अगदी गिअरबॉक्ससुद्धा बदलतात, आणि दोष तसाच राहतो. म्हणून वीस वर्षांहून जुन्या कोणत्याही एससीची ही पेटी एकदा उघडून पाहावी, लक्षणे असोत वा नसोत. बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, पेटी बाहेर घ्यावी, झाकण उघडून आधी वास घ्यावा. पाझरलेल्या द्रवाला माशासारखा वास येतो आणि डोळ्यांना काही दिसण्याआधी तो जाणवतो.

कपॅसिटर बदलायला चांगले सोल्डरिंग आयर्न, सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वेणी आणि शांत हात लागतो. काढण्याआधी प्रत्येकाचा फोटो घ्यावा, धन आणि ऋण बाजू टिपून ठेवावी, आणि नवा कपॅसिटर तेवढ्याच क्षमतेचा, तेवढ्या किंवा अधिक व्होल्टेजचा आणि १०५ अंश सेल्सिअसला टिकणारा निवडावा. नवा बसवण्याआधी जुना डाग स्वच्छ करणे हे खरे काम आहे. साचलेला अवशेष अल्कधर्मी असतो, तो कापसाच्या काडीने पातळ व्हिनेगर लावून शमवावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाटी धुवून पूर्ण वाळू द्यावी. एखादा मार्ग कुरतडला गेला असेल तर मल्टिमीटरने सलगता तपासून बारीक तारेने जोडता येतो. या कामाला एक निवांत संध्याकाळ पुरते आणि भागांचा खर्च किरकोळ असतो. माझ्या मते या गाडीसाठी याहून मोलाची दुरुस्ती दुसरी नाही.

पेटी ठीक असेल तर गाडी स्वतःच बिघाड सांगते. १९९२ च्या गाडीला आजचे स्कॅनर लागत नाहीत. इंजिनाजवळच्या डायग्नोस्टिक डबीतील टीई१ आणि ई१ ही टोके तारेच्या तुकड्याने जोडून चावी फिरवली की चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागतो. एकसारखी उघडझाप म्हणजे सर्व ठीक. पाच वेळा लुकलुकून थांबला आणि मग दोनदा लुकलुकला, तर तो ५२ क्रमांकाचा, म्हणजे नॉक सेन्सरचा (इंजिनातले अवेळी ज्वलन ओळखणाऱ्या सेन्सरचा) संकेत. सात आणि एक असेल तर ईजीआरचा, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात वळवणाऱ्या यंत्रणेचा. संकेत कागदावर उतरवावा, त्या सर्किटची तार, जोडणी आणि व्होल्टेज तपासावे, आणि मगच नवा भाग मागवावा.

पॉवर स्टिअरिंग पंपाचे दुखणे या इंजिनाच्या मालकांना चांगलेच ठाऊक आहे. पंप अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) वर बसवलेला आहे, त्यामुळे त्याचे सील गळू लागले की तेल थेंबाथेंबाने अल्टरनेटरमध्ये उतरते आणि त्याचे ब्रश व वेटोळी निकामी करते. अल्टरनेटर बदलून बॅटरीचा इशारा देणारा दिवा विझतो, आणि गळती तशीच असल्यामुळे काही महिन्यांत नवाही जातो. म्हणून आधी पंपाचे सील आणि ओ-रिंग बदलाव्यात, तेलाच्या टाकीच्या तळाची जाळी धुवावी, आणि मगच अल्टरनेटरकडे वळावे. या पंपावर एक छोटा हवेचा व्हॉल्व्ह आहे, जो स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर इंजिनाला थोडी जास्त हवा देतो. तो बिघडला की स्टिअरिंगचे तेल त्याच नळीतून इंजिनात ओढले जाते आणि मागून पांढरा धूर निघतो. हेड गॅस्केट (इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधले सील) गेले या भीतीने पुष्कळांनी गाडी विकायला काढली असेल; प्रत्यक्षात ती नळी काढून आत तेल आहे का एवढे पाहणे पुरते.

टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) यांची फिरण्याची वेळ जुळवणारा पट्टा, बदलणे हे घरी करण्याजोग्या कामांपैकी सर्वांत मोठे, आणि मला सर्वांत आवडते. साधारण ६०,००० ते ९०,००० मैलांच्या दरम्यान तो बदलतात, पण मैल झाले नसले तरी जुना झालेला बेल्ट बदलावाच. १९९८ पासूनच्या व्हीव्हीटी-आय (व्हॉल्व्हची वेळ गरजेप्रमाणे बदलणाऱ्या) इंजिनात तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, तेव्हा त्या वर्षांच्या गाडीच्या मालकाने यात जराही चालढकल करू नये. बेल्टनेच वॉटर पंपही फिरतो, म्हणून पंप, बेल्टला वाट दाखवणारे दोन्ही आयडलर, त्याला ताण देणारा टेन्शनर आणि कॅम व क्रँकची सीले एकाच वेळी बदलणे शहाणपणाचे. एवढी उघडझाप पुन्हा करण्यात अर्थ नाही. या सालच्या इंजिनावर प्रत्येक बाजूच्या कॅमच्या टोकाला एक असे दोन डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारे भाग) आहेत, त्यांची झाकणे आणि रोटरही याच वेळी पाहून घ्यावेत.

यातला अवघड टप्पा क्रँक पुलीचा बोल्ट. तो २४५ न्यूटन-मीटरला आवळलेला असतो आणि सहसा त्याहून घट्ट झालेला असतो, त्यामुळे पुली धरून ठेवणारे साधन आणि लांब दांडा हवाच. स्टार्टर मारून बोल्ट सैल करण्याची युक्ती काही जण सांगतात; मी ती करत नाही आणि कोणाला सुचवणारही नाही. टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, तो व्हाइसमध्ये उभा धरून अगदी सावकाश दाबावा आणि भोके जुळली की बारीक खीळ घालावी. घाईने दाबला तर आतले सील फुटते. बेल्ट चढवल्यावर खीळ काढावी, क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावा आणि क्रँक आणि दोन्ही बाजूंच्या कॅमवरच्या तिन्ही खुणा पुन्हा जुळतात की नाही हे पाहावे. एका दाताचाही फरक दिसला तर सर्व काढून परत बसवावे, ‘चालेल’ म्हणू नये.

व्ही ८ च्या दोन बाहूंमधल्या घळीत, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनाला हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याच्या) खाली, स्टार्टर बसवलेला आहे. चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येऊ लागला की बहुधा त्याच्या आतले तांब्याचे संपर्क झिजलेले असतात. ते बदलणे सोपे आणि स्वस्त आहे, पण तिथवर पोहोचण्यासाठी संपूर्ण मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. त्यामुळे एकदा उतरवला की घळीतले सर्व काही आटोपून घ्यावे: दोन्ही नॉक सेन्सर आणि त्यांची कडक झालेली वायर, इंजेक्टरच्या ओ-रिंग, मागच्या बाजूच्या पाण्याच्या नळ्या आणि ठिसूळ झालेल्या व्हॅक्यूमच्या नळ्या. इंधनाची नळी सोडण्याआधी दाब उतरवावा आणि गॅरेजचे दार उघडे ठेवावे.

तेल, कूलंट, ब्रेक फ्लुइड यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. ते वेळेवर बदलावे आणि वापरलेले तेल इथल्या सुट्या भागांच्या दुकानात नेऊन द्यावे, ते फुकट घेतात.

आतल्या भागात दारांकडे विशेष लक्ष द्यावे. दार लांब आणि जड आहे, आणि अरुंद जागेतही चढता यावे म्हणून त्याची बिजागरी अनेक सांध्यांची केलेली आहे; दार उघडताना ते बाहेर आणि किंचित पुढेही सरकते. या सांध्यांतले बुश झिजले की दार खाली लोंबते आणि बंद करताना उचलावे लागते. मीटरचे काटेही अनेक गाड्यांत काळे पडतात: आकडे उजळतात, पण रात्री काटा दिसतच नाही. वातानुकूलनाच्या पडद्यावर शाईसारखा डाग पसरतो. सुरुवातीच्या गाड्यांच्या एसीत थंडावा देणारा आर-१२ वायू असे, ज्याचे अमेरिकेतील उत्पादन १९९५ अखेर थांबले. एसीच्या वायूचे काम मात्र मी परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घेतो, कारण तो वायू हवेत सोडणे बेकायदा आहे आणि ओझोनच्या थराला घातकही आहे.

इथे दर दोन वर्षांनी स्मॉग टेस्ट, म्हणजे धुराच्या प्रदूषणाची चाचणी, द्यावी लागते. १९९९ पर्यंतच्या गाड्यांचा धूर प्रत्यक्ष नळीतून मोजतात, आणि मूळ उत्सर्जन-यंत्रणेतला एखादा भाग काढलेला किंवा परवानगीशिवाय बदललेला दिसला तर धूर स्वच्छ असूनही गाडी नापास होते. या गाडीचा सांगाडा टोयोटाच्या १९९३ च्या सुप्रा या स्पोर्ट्स कारशी जवळचे नाते सांगणारा असल्याने तिच्यात टर्बो आणि दुसरी इंजिने बसवण्याची हौस मोठी आहे. ती कारागिरी मी नाकारत नाही, पण मूळ अवस्थेतल्या गाड्या दरवर्षी कमी होत असताना शाबूत असलेली एससी कापावी, हे मला पटत नाही. तिचा आवाज जवळजवळ ऐकू न येणे, हेच ज्या अभियंत्यांनी साधले त्यांचे काम जसेच्या तसे टिकावे असे मला मनापासून वाटते.

सुटे भाग अजून मिळतात, कारण बेल्ट, पंप, सेन्सर हे त्या काळच्या इतर टोयोटांशी सामायिक आहेत. केवळ याच गाडीचे असे भाग, म्हणजे दाराच्या कडांची रबरे, आतल्या लाकडी पट्ट्या, मीटरची पाटी, हे मात्र दुर्मीळ होत चालले आहेत. म्हणून काढलेला कोणताही जुना भाग मी टाकून देत नाही. झिजलेला स्टार्टर, गळका पंप, सैल बिजागरी, सर्व पुसून, पिशवीत घालून, तारीख आणि मैल लिहिलेली चिठ्ठी लावून फळीवर ठेवतो, कारण नवा भाग मिळणे बंद झाले की दुरुस्त करण्यासाठी जुन्याचेच कवच लागते. सध्या मीटरची पाटी टेबलावर उघडून ठेवली आहे. काट्यांना वीज पुरवणाऱ्या भागातले कपॅसिटर बदलून झाले की ती परत बसवीन.