टाकी क्र. २: बारा महिन्यांची वही

मागच्या नोंदीत टाकी क्रेनने जागेवर उभी केली, फाउंडेशन बोल्ट लावले आणि तिथेच थांबलो होतो. त्याला वर्ष झालं. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: कारखान्यातून भंगारात निघालेली एफआरपीची (काचेचे धागे आणि घट्ट होणारं रेझिन यांची) उभी टाकी, बूड सपाट, आतला व्यास २ मीटर, सरळ उंची ३ मीटर, भिंत सरासरी ७ मिमी. पाटीवर 'व्हिनाइल एस्टर, विशिष्ट गुरुत्व १.२' असं लिहिलंय, म्हणजे रेझिनचा प्रकार आणि आतला द्रव पाण्याच्या किती पट जड चालेल ते. पूर्वी तिच्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असायचं. आता माझ्याकडे नुसतं पाणी, तेही पिण्याचं नाही. मला टाकी वापरायची कमी आणि समजून घ्यायची जास्त आहे, हे इथल्या मंडळींना वेगळं सांगायला नको.

वर्षभरात सगळ्यात उपयोगी पडलं ते कुठलंही यंत्र नाही, मार्कर पेन. मॅनहोलची दिशा १२ धरून घड्याळासारख्या बारा उभ्या रेघा मारल्या, आणि बुडापासून दर ३० सेंमीवर आडव्या. तळचा पट्टा अ, त्यावरचा ब, असं वर दहाव्या पट्ट्यापर्यंत. आता प्रत्येक चौकोनाला नाव आहे. पहिल्या टाकीच्या वेळी वहीत 'खाली उजवीकडे बारीक भेग' असं लिहून ठेवलं होतं आणि तीन महिन्यांनी ती भेग कुठली हेच कळेना. आता लिहितो '५-अ', फोटोत स्केल ठेवतो, भेगेच्या दोन्ही टोकांना ठिपका देतो आणि शेजारी तारीख.

घेर मोजायचा उद्योग मात्र निव्वळ हौस म्हणून सुरू केला. बुडापासून ६० सेंमीवर स्टीलची टेप गुंडाळायची, तीनदा मोजायचं. रिकाम्या टाकीचा घेर ६,३२७ मिमी, काठोकाठ भरल्यावर ६,३३०. तीन मिलिमीटर! हिशोब करून पाहिला. त्या उंचीवर डोक्यावर २.४ मीटर पाणी, म्हणजे साधारण २३.५ किलोपास्कल. त्रिज्या १ मीटर, भिंत ७ मिमी, त्यामुळे घेराच्या दिशेने साधारण ३.४ मेगापास्कल ताण. लॅमिनेटचा (धागे-रेझिनच्या थरांचा) कडकपणा ७ ते ८ गिगापास्कल धरला तर लांबी वाढायला हवी ०.०४५ टक्के, म्हणजे पावणेतीन मिमीच्या आसपास. टेपने बरोबर तेच सांगितलं. अशा टाक्यांच्या डिझाइनमध्ये हा विस्तार ०.१ टक्क्याच्या आत ठेवायची रीत आहे, तेव्हा पाण्यासाठी आपली टाकी आरामात आहे. पण पाण्यापुरती डिझाइन केलेल्या टाकीत कोणी ५० टक्के कॉस्टिक सोड्याचं द्रावण भरलं, तर तेवढ्याच उंचीला दीडपट भार येतो, कारण त्याचं विशिष्ट गुरुत्व १.५३ आहे. पाटी वाचायची ती यासाठी.

या मोजणीत एकदा चांगलाच फसलो. एका दुपारी घेर अचानक २ मिमी जास्त आला. टाकी फुगतेय की काय म्हणून पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी पहाटे मोजला तर आकडा जुनाच. ऊन लागलं की एफआरपी लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, आणि माझी टेप सावलीत होती. तेव्हापासून मोजणी पहाटेच.

आता ५-अ. एका रात्री मॅनहोलमधून कमी व्होल्टचा एलईडी दिवा दोरीने आत सोडला आणि बाहेरून अंधारात टाकीभोवती फिरलो. ज्यांनी हे केलं नसेल त्यांनी एकदा कराच. रंग न दिलेली भिंत कंदिलासारखी उजळते. रोव्हिंगचे (जाड काचधाग्यांचे) पट्टे, मॅटचे (काचधाग्यांच्या चटईचे) जोड, कुठे रेझिन जास्त पडलंय, सगळं दिसतं. ५-अ मध्ये अंगठ्याएवढा काळपट डाग होता. दिवसा त्याच जागी बाहेरून फक्त एक ओरखडा, नखाला जेमतेम लागेल असा. आतून काळपट दिसतं याचा अर्थ थर सुटलेत आणि मधल्या फटीत उजेड अडतोय. नाण्याने वाजवलं तर आजूबाजूला 'टण', डागावर 'थप'.

बाहेरून बसलेला मार एफआरपी आतून दाखवतं, हे माहीत होतं. आता ते डोळ्यांनी पाहिलं. आतल्या बाजूला चांदणीसारखी भेग, तीन पाय, सगळ्यात लांब पाय ३८ मिमी. वाहतुकीत कुठेतरी आपटली असणार. लगेच दुरुस्त न करता टोकांना ठिपके दिले आणि टाकी भरून ठेवली. सहा महिन्यांनी तोच पाय ४४ मिमी. मग मात्र थांबलो नाही.

आत उतरण्याबद्दल एवढंच: एकट्याने नाही, ब्लोअर चालू, ऑक्सिजन मीटर गळ्यात (१९.५ ते २३.५ टक्के यांच्या बाहेर काटा गेला की वर), मॅनहोलवर एक माणूस कायम. रेझिनमधल्या स्टायरीनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बुडाशी साचते. मऊ तळव्याचे बूट, शिडीच्या पायांना रबर, लोखंडी खरवडणी आत नेऊच नये.

भेग ग्राइंडरने उघडली. दोन मिमी खाली गेल्यावर ओला पीएच पेपर लावला, तो लालच. इतकी वर्षं झाली, टाकी धुऊन काढली, तरी अ‍ॅसिड काचेच्या धाग्यांच्या कडेकडेने आत शिरून बसलेलं! अशा जागेवर थेट मॅट लावली तर नवं रेझिन नीट बसत नाही, हे पहिल्या टाकीवर पैसे मोजून शिकलो होतो. सोड्याच्या पाण्याने धुतलं, साध्या पाण्याने धुतलं, दोन दिवस वाळू दिलं, पुन्हा घासलं. तिसऱ्या खेपेला पेपर पिवळाच राहिला.

मग कडा चांगल्या लांब उतरत्या केल्या आणि आधी चाचणीचा तुकडा लावला: मॅटचे दोन थर, एका टोकाखाली फिल्म, म्हणजे पकडायला कान राहतो. वाळल्यावर छिन्नीने उचकटला. धागे फाटून दोन्हीकडे राहिले, सालीसारखा सुटला नाही, म्हणजे पकड आहे. त्यानंतर खरी दुरुस्ती. मॅटचे थर, प्रत्येकातली हवा रोलरने काढत, सगळ्यात शेवटी द्रवाकडच्या बाजूला सरफेस टिश्यू. ती पातळ टिश्यू दिसायला काहीच नाही, पण त्या थरात जवळजवळ ९० टक्के रेझिन असतं आणि रसायन पहिलं तिथेच अडतं. शेवटच्या हातात मेण घातलेलं रेझिन, नाहीतर हवेला लागलेला पृष्ठभाग चिकट राहतो.

(हौशी लोकांसाठी न चुकता: कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा) आणि एमईकेपी (रेझिन घट्ट करणारा पेरॉक्साइड) थेट एकमेकांत कधीही ओतू नका, पेट घेतं. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच एमईकेपी.)

दुसऱ्या दिवशी बारकोल मीटर (सुई टोचून टणकपणा मोजणारा) लावला. मोठ्या आशेने. रीडिंग आलं १२. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला, बोट चिकटलं. रात्री थंडी पडली होती आणि मी कोबाल्ट-एमईकेपीचं प्रमाण मात्र उन्हाळ्याचंच ठेवलं होतं. ९३४-१ हे मॉडेल ज्यांच्याकडे असेल त्यांना ठाऊक आहे, एका रीडिंगवर विश्वास ठेवायचा नसतो. सुई काचेच्या धाग्यावर पडली की आकडा उडी मारतो. मी दहा घेतो, दोन सर्वांत मोठी आणि दोन सर्वांत लहान सोडतो आणि उरलेल्या सहांची सरासरी काढतो. सरासरीही १२ च. दिव्यांची ऊब देऊन तीन दिवस थांबलो, मग ३३. रेझिनच्या कागदावर ३५ लिहिलंय, त्याच्या ९० टक्के म्हणजे ३१.५. पास. सुईचे खड्डे मेणाच्या रेझिनने परत बुजवले.

फ्लँजची (पाइप जोडायच्या बोल्टच्या चकतीची) गोष्ट सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. इनलेटवर लोखंडी व्हॉल्व्ह बसवला, त्याचा चेहरा मध्ये उंचावलेला. एफआरपीचा फ्लँज सपाट. लांब पाना घेऊन घट्ट केलं आणि 'चट्' असा आवाज आला. फ्लँजच्या मुळाशी केसासारखी भेग. उंचवट्याच्या बाहेर आधार नसतो, बोल्ट कडेला वाकवतात, दुसरं काय होणार? आता पूर्ण चेहऱ्याचं ३ मिमी मऊ रबराचं गॅस्केट, प्रत्येक बोल्टखाली वॉशर, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, टॉर्क पाना तीन टप्प्यांत, आणि व्हॉल्व्हचं वजन वेगळ्या स्टँडवर. मुळाशी घासून वरून थर चढवलेत. गळत नाही, पण माझा त्याच्यावर विश्वास नाही. पुढच्या थंडीच्या आत फ्लँज कापून नवा बसवणार.

पावसात दोन आकडे सारखे निघाले आणि ते माझ्या डोक्यातून जात नाहीत. टाकीचं रिकामं वजन क्रेनच्या काट्यावर ३२० किलो भरलं होतं. बुडाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर. भोवतीच्या बंडमध्ये (गळती अडवणाऱ्या बांधात) १० सेंमी पाणी साचलं की उचल ३१४ किलो! म्हणजे रिकामी टाकी घोट्याएवढ्या पाण्यात तरंगायला लागते, आणि मग तिला धरून ठेवतात फक्त लग (भिंतीवरचे बोल्ट बसवायचे कान) आणि बोल्ट. लगच्या मुळाशी पांढरट रेघा दिसल्या तर त्या तिथूनच येतात. म्हणून पाऊस तोंडावर असताना टाकी कमीतकमी अर्धी भरलेली.

दुसरा ३१४ व्हेंटचा, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या पाइपाचा. एकदा पाणी सोडलं तर वरून 'टक टक' ऐकू आलं. छतावर हात ठेवला तर ते आत बसत होतं. व्हेंटच्या वाकड्या पाइपात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, तोंड जवळजवळ बंद. आत फक्त १० सेंमी पाण्याइतका निर्वात झाला तरी छतावर ३१४ किलो. उलटंही तितकंच खरं: टँकर हवेच्या दाबाने रिकामा करतात तेव्हा शेवटी हवेचा लोट टाकीत येतो आणि लहान व्हेंट असेल तर बूड कडेने उचललं जातं. आता व्हेंटवर जाड जाळी आहे आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला हात घालून बघतो. जाळी फार बारीक नको, धुळीने तीच बुजते.

बाहेरच्या बाजूचं काम किरकोळ होतं. दक्षिण बाजूला उन्हाने रेझिन खाल्लेलं, हात फिरवला की काच टोचायची. धुतलं, हलकं घासलं, यूव्ही शोषक घातलेलं पांढरं टॉपकोट मारलं. फक्त ५ च्या रेघेवर एक हात रुंद पट्टी रंगाशिवाय सोडली, तिच्यावर तेच यूव्ही शोषक घातलेलं पारदर्शक रेझिन. पातळी तिथून सावलीसारखी दिसते आणि रात्रीचा दिवाही तिथे चालतो. लोक पूर्ण टाकी चकचकीत रंगवतात आणि मग आतलं काही दिसेनासं होतं, ते मला पटत नाही.

काल पहाटे काठोकाठ भरून मोजला: ६,३३०. रात्री पाणी उतरवून दिवा सोडला. ५-अ मध्ये आता जोडाची चौकट दिसते, आजूबाजूपेक्षा थोडी गडद, कारण तिथे जाडी वाढलीये. मधला डाग नाही. ९-अ च्या लगशी मात्र एक बारीक रेघ आहे, २१ मिमी. टोकांना ठिपके दिलेत.