आल्याच्या ढिगाशेजारी इंग्रजी

आज कोरेगावला मामांकडे होते. आल्याची काढणी चालू, अंगणभर ओल्या मातीचा वास. मामेबहिणीची लेक दहावीला. इंग्रजी शब्द पाठ होईनात म्हणून रडवेली झालेली. म्हटलं, ये, फोडून बघू.

डेंटिस्टमधला ‘डेंट’ लॅटिन, म्हणजे आपला दंत. पेडेस्ट्रियनमधला ‘पेड’ म्हणजे पद, पाय. सप्टेंबरात सप्त. "मावशी, पण तो तर नववा महिना!" बरोबर पकडलं पोरीने. जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून सातवा. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं मूळ एकच असावं, हे ब्रिटिश भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडलं होतं.

जिंजरची गोष्ट मात्र वेगळी, आणि मला सगळ्यात प्रिय. हा शब्द आपल्याकडूनच गेला. लॅटिन झिंगिबेर, त्याआधी ग्रीक झिंगिबेरिस, त्याआधी पालीतल्या सिंगिवेरसारखं रूप, संस्कृतात शृंगवेर. त्याच्याही मागे दक्षिणेतला शब्द असावा असं अभ्यासक मानतात. तमिळमध्ये आल्याला आजही इंजीच म्हणतात.

मामा ऐकत होते. हातातल्या गड्ड्याची माती झटकत म्हणाले, "म्हंजी मालाबरोबर नावबी गेलं की गं."

पोरीने वहीच्या पहिल्या पानावर ‘शृंगवेर’ लिहून ठेवलंय.