नाणी नसलेलं जग बनवताना रेटच्या टेबलने जीव खाल्ला

कादंबरीसाठी फँटसी जग बनवत होते आणि ठरवलेलं की तिथे नाणी नकोत, सगळी वस्तूंची अदलाबदल. मॅप, राज्यं, कुठल्या खोऱ्यात मीठ नि कुठे लोखंड, हे मजेत झालं. घोडं अडलं ते रेटच्या टेबलपाशी.

३० वस्तूंची लिस्ट केली, मीठ, लोकर, कुऱ्हाडी, ड्रॅगनचे खवले वगैरे. आता नाणंच नाही म्हटल्यावर प्रत्येक वस्तूचा भाव बाकीच्या प्रत्येक वस्तूत सांगायचा, म्हणजे ४३५ भाव. १०० वस्तू घेतल्या तर ४९५०! बरं भरले तरी ते आपसात जुळायला हवेत. एका कुऱ्हाडीला चार विटा मीठ, चार विटा मिठाला दोन गठ्ठे लोकर आणि दोन गठ्ठे लोकरीला दीड कुऱ्हाड असं झालं की कुठलाही चलाख व्यापारी नुसता गोल फिरून श्रीमंत होणार. एक आकडा सरळ केला की दुसरीकडे तीन वाकडे. ती शीट उघडायचीच चीड यायला लागली मला.

त्यात अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने १८७५ साली मांडलेली अडचण वेगळीच. लोहाराला लोकर हवीय पण मेंढपाळाकडे कुऱ्हाडी पुरेशा आहेत, मग लोहार आधी मेंढपाळाला काय हवंय ते शोधणार, ते ज्याच्याकडे आहे त्याला काय हवंय ते विचारणार, आणि माझ्या बाजाराच्या प्रत्येक सीनमध्ये चार मध्यस्थ उभे. शिवाय गाय अर्धी कापून सुटे कसे देणार?

सुटका केली प्राचीन इजिप्तने. देर अल-मदिना नावाच्या कारागिरांच्या वस्तीत नाणी नव्हती, पण भाव देबेनमध्ये बोलायचे, एक देबेन म्हणजे साधारण ९१ ग्रॅम तांबं. एक बैल १२० देबेनचा ठरला आणि दिलं काय, तर दोन मडकी चरबी ६०ची, पाच सदरे २५चे, आणखी एक कपडा २०चा, एक कातडं १५चं. तांबं हातात न घेता हिशोब चोख! मी मिठाची वीट माप धरली आणि ४३५ चं काम २९ भावांत संपलं. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

गावातल्या गावात मात्र लोकांना रोज घासाघीस करायला लावू नका, तिथे उधारी चालू द्या, "सुगीला देतो" एवढं पुरतं. रोकडी अदलाबदल अनोळखी किंवा शत्रू टोळ्यांमध्ये ठेवा, तिथे ती शोभते. मानवशास्त्रज्ञ कॅरोलिन हम्फ्री यांनी १९८५ मध्ये लिहिलंच आहे की फक्त अदलाबदलीवर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेचं एकही उदाहरण कुणी नोंदवलेलं नाही.

अरे हो, मापाची वस्तू टिकाऊ आणि तुकडे करता येईल अशी घ्या, मासे नको. आणि हे खरं तर सगळ्यात आधी बघायचं, तुमचा जादूगार ती हवेतून काढू शकतो का? माझा काढू शकत होता, म्हणून मिठावर जादू चालत नाही असा नियम घातला, आणि आता कथेत तोच सगळ्यात कामाला येतोय.