रुसेच्या पुलावरची रांग

बुखारेस्टला राहायला आले ते २०१९ साली. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी शनिवारी डॅन्यूबवरचा पूल ओलांडून पलीकडे बल्गेरियातल्या रुसेला जाते. पुलाच्या अलीकडे ट्रकांची रांग ठरलेलीच. ड्रायव्हर इंजिन बंद करून रस्त्याकडेला छोट्या शेगडीवर कॉफी उकळत बसलेले असायचे. माझ्या शेजारणीचा भाऊ ट्रक चालवतो. किती थांबावं लागलं हे तो तासांत सांगतच नसे. "या खेपेला दोन रात्री," एवढंच म्हणायचा.

नदीच्या दोन्ही काठांवरचे देश, रोमानिया आणि बल्गेरिया, २००७ पासून युरोपीय संघात आहेत. दोघेही शेंगेनसाठी, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या देशांच्या गटासाठी, तयार असल्याचं युरोपीय आयोगाने २०११ मध्येच सांगितलं होतं. पण तिथे एका देशाचा नकारही पुरतो. डिसेंबर २०२२ मध्ये क्रोएशियाला, जो संघातच २०१३ साली आला, होकार मिळाला, आणि ऑस्ट्रियाने या दोघांना अडवलं. रोमानियाने व्हिएन्नातला आपला राजदूत माघारी बोलावला. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कोणी धड जेवलं नाही. शेजारीण म्हणाली, "आम्ही दुसऱ्या प्रतीचे." मला तिचं ते वाक्य फार लागलं.

म्हणून 'वेगवेगळ्या वेगाचा युरोप', म्हणजे काही देशांनी पुढे जायचं आणि बाकीच्यांनी मागून यायचं, हे शब्द इथे कुणाला सहजपणे ऐकवत नाहीत. युरोपीय संघाच्या २०१७ च्या रोम जाहीरनाम्यात तो विचार आला, तेव्हा पोलंडच्या पंतप्रधान बेआता शिद्वो यांनी आधी सही न करण्याचा इशारा दिला होता. आता पोलंड आणि चेकिया स्वतःच युरो घेत नाहीत, मग तक्रार कसली, असं लोक विचारतात. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. आपल्या मर्जीने बाहेर थांबणं वेगळं आणि आतून कडी लावलेली असणं वेगळं.

लहान देशांनी दुसरी वाट धरली: जे दार उघडेल त्यातून लगेच आत शिरायचं. एस्टोनियाने २०११ मध्ये, युरो संकटात असताना युरो घेतला. क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ ला युरो आणि शेंगेन एकदमच. बल्गेरियाचं कारण तर मला पूर्ण पटतं. त्यांचं चलन लेव्ह; तो १९९७ पासून आधी जर्मन मार्कला आणि मग युरोला बांधलेला होता. म्हणजे फ्रँकफर्टला, युरोपीय मध्यवर्ती बँकेत, ठरेल ते सोसायचं, पण तिथल्या बैठकीत खुर्ची नाही. ती खुर्ची त्यांना १ जानेवारी २०२६ ला मिळाली. युरोविरुद्ध तिथे मोर्चेही निघाले, आणि त्या लोकांची महागाईची भीती मी खोटी मानत नाही.

या दोन देशांमधली जमिनीवरची सीमा-तपासणी १ जानेवारी २०२५ ला उठली. सुरुवातीचे किमान सहा महिने अधूनमधून गाड्या थांबवणार होतेच, तरी शेजारणीचा भाऊ त्या आठवड्यात एकही रात्र पुलापाशी न काढता घरी आला. शेजारणीने जिन्यातच मला मिठी मारली.

२०२६ च्या जानेवारीत रुसेच्या बेकरीत प्रत्येक पाटीवर दोन किमती होत्या. १० लेव्ह, खाली ५.११ युरो. दुकानातल्या बाईंनी लेव्ह घेतले आणि सुटे युरोत दिले. त्यातलं एक नाणं उलटं करून त्यांनी मला संत इव्हान रिल्स्की दाखवले, आणि पुन्हा उलटून युरोपचा नकाशा. ते मी पाकिटात वेगळं ठेवलंय. नदीच्या या काठावर अजून रोमानियाचे लेउच चालतात.